चिप्सच्या कागदावरची वंशावळ

अण्णा, मला एका आडनावाबद्दल तुमच्याशी बोलायचंय. आडनाव इटालियन आहे, फार दुर्मिळ, आणि ते मी इथे लिहिणार नाही. एक तर ते माझ्या पेशंटचं आहे, आणि दुसरं म्हणजे लिहिलं की तुम्ही लगेच चष्मा पुसून त्याची फोड करायला बसाल आणि माझं सांगायचं राहून जाईल. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनात भांडले पुष्कळ, पण कागद घेऊन कधी बसले नव्हते. आज बसलेय, कारण कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, आणि ती अर्ध्या वाक्यात ज्याला कळली असती असे तुम्हीच एक होतात. मी आयर्लंडमध्ये आहे. तुमच्या जावयांची सॉफ्टवेअरची नोकरी इकडे लागली म्हणून नव्याण्णव साली आलो आणि राहिलो. पश्चिमेकडच्या एका गावातल्या सरकारी इस्पितळात मी भूल देते.

साताऱ्याच्या घरातलं स्वयंपाकघर आठवतंय. आईच्या भाकरी चालल्यात, आणि जेवणं उरकायच्या आधीच तुम्ही ओट्याखाली सतरंजी टाकून कुलवृत्तांताचे फॉर्म मांडून बसलाय. तुमची पोस्टातली नोकरी, त्यामुळे गावोगावच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या तुम्हाला चाळायला मिळत. आपलं आडनाव असं की सगळ्या महाराष्ट्रात धुंडाळलं तरी ओंजळभर घरं निघतील. एखादं नवीन सापडलं की तुम्ही त्या माणसाला जोडकार्ड पाठवायचा, उत्तराचा पत्ता आधीच लिहिलेला. तुम्ही म्हणायचात, दुर्मिळ आडनावाचा माणूस कधी हरवत नाही. मी तेरा वर्षांची, माझं अक्षर बरं म्हणून नकलून काढायचं काम माझ्याकडे. मुलगा असला की त्याच्या खाली त्याची मुलं, त्यांच्या खाली त्यांची. मुलगी असली की तिचं नाव, नवऱ्याचं आडनाव, गाव, आणि खाली आडवी रेघ. एकदा मी विचारलं की आत्याची चार मुलं का नाहीत, तीही तुमच्याच आईची नातवंडं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "त्यांचं पुस्तक वेगळं. नसत्या चौकश्या करू नकोस, रेघ सरळ मार." मी मारली. आत्याच्या सासरी कुणी असलं पुस्तक काढलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही.

माझ्या लग्नात तुम्ही मला त्या पुस्तकाची तुमची स्वतःची प्रत दिलीत. छापताना मी अविवाहित होते, म्हणून माझ्या नावापुढे तुम्ही शाईने जावयांचं आडनाव आणि 'पुणे' लिहिलंत, आणि खाली पट्टीने रेघ. बाकीच्या मुलींना चांदीची भांडी मिळतात, मला माझी रेघ मिळाली. तेव्हा हसले मी, पण लागलं होतं अण्णा, आज सांगते. परवा-परवा माझ्या मुलीने ते पुस्तक चाळलं. तिला मराठी समजतं, बोलते मात्र इथल्या पोरांसारखी इंग्रजीत. ती कुठेय यात, म्हणून विचारत होती.

आता त्या इटालियन आडनावाकडे येते. इथे आयर्लंडमध्ये गावोगावी मासे आणि चिप्स तळून विकणारी दुकानं आहेत आणि त्यांतली बरीचशी इटालियन लोकांची. आमच्या गावातलं दुकान एका म्हाताऱ्यांचं. दोन हजार एक साली ते हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आले. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, युवर मॅन, म्हणजे आपला तो चिप्सवाला, आलाय, जरा भित्रा आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का. तर म्हणाले, भावाचा मुलगा टॉन्सिल काढताना टेबलावरच गेला, फार वर्षांपूर्वी. काय झालं ते कुणी सांगितलं नाही, पण हात लावला तर अंग तव्यासारखं तापलं होतं म्हणे. काही घराण्यांत रक्तातूनच असा दोष येतो की एरवी माणूस ठणठणीत, पण भुलीची ठरावीक औषधं अंगात गेली की स्नायू आवळतात, ताप भडकतो आणि तासाभरात माणूस हातचा जातो. आईबापांपैकी एकाला असला तरी मुलांत उतरू शकतो. म्हाताऱ्यांना मी कमरेत सुई देऊन, फक्त खालचं अंग बधिर करून सांभाळून काढलं, आणि मग मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासायला पाठवला. दोष निघाला.

म्हणजे त्यांच्या सगळ्या नातलगांना सावध करायला हवं होतं. हे काम एरवी एक छापील पत्र देऊन संपतं, पुढे पेशंट आणि त्याचं नशीब. पण मी पडले तुमची मुलगी. जित्याची खोड! सोमवारी त्यांचं दुकान बंद असतं, त्या दुपारी मी टेलिफोनचं जाडजूड पुस्तक घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसले. तळणाचा आणि व्हिनेगरचा वास, बटाट्यांची पोती, आणि टेबलावर चिप्स गुंडाळायचा पांढरा कागद अंथरलेला. अख्ख्या आयर्लंडच्या पुस्तकात त्या आडनावाची दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं, आणि म्हातारे प्रत्येकावर बोट ठेवून सांगत होते, हा लेटरकेनीचा माझा चुलतभाऊ, हा ॲथलोनचा पुतण्या, ही डब्लिनमधली दोघं त्याची मुलं. जावयांनी कॉम्प्युटरवर इटलीची टेलिफोन यादी शोधून दिली होती. सगळ्या इटलीच्या नकाशावर एकाच डोंगरी खोऱ्यात ठिपके, आणि एखाददुसरा रोमला. तुम्ही असतात तर तो नकाशा देवघरात लावला असतात.

आडनाव आलं कुठून, यावर त्यांच्याकडे तीन गोष्टी होत्या. आजोबा म्हणत, मूळपुरुष कोळसे पाडायचा, त्याला लोकांनी ठेवलेलं ते नाव. गावचा पाद्री म्हणे, वरच्या अंगाला त्या नावाची वाडी होती, दरड कोसळून गेली. आणि आई रागावली की म्हणायची, तुमचा मूळपुरुष चर्चच्या पायरीवर सापडला, म्हणून तर जगात दुसरीकडे कुठे तुमचं आडनाव नाही. मला हसू आवरेना, कारण आपल्या आडनावाबद्दलही तुमच्या तीन कथा होत्या आणि तिसरी तुम्ही पुस्तकात छापली नाहीत. त्या दुपारी मी किती खूश होते सांगू! सातासमुद्रापलीकडे कुणीतरी तुमच्यासारखं बोलत होतं. मग त्यांनी आवाज खाली आणून एक नाव सांगितलं. धाकटी बहीण. कासलबारच्या पलीकडे एका आयरिश शेतकऱ्याशी लग्न करून गेली, वारली आता. चिप्सवाल्यांच्या घरातलं स्थळ सोडून बाहेर लग्न केलं म्हणून हे लग्नालाही गेले नव्हते. एवढं बोलून ते चहा ठेवायला उठले. मी कागदावर तिचं नाव लिहिलं, नवऱ्याचं आडनाव लिहिलं, खाली आडवी रेघ मारली, आणि पुढच्या भावाकडे वळले.

अण्णा, मी विचार करून मारली नाही. हात आपोआप फिरला. तिला मुलं किती, हा साधा प्रश्न माझ्या तोंडून आला नाही. भूल देणारी डॉक्टर मी, दोष मुलीकडूनही उतरतो हे शिकले, परीक्षेत लिहिलं, दुसऱ्यांना शिकवलं. आणि त्या आडनावाच्या प्रत्येक घराला पत्र पाठवलं, उत्तराचं पाकीट आतच घालून, तुमच्यासारखं. सगळी उत्तरं आली. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, ग्रँड जॉब; इथे 'छान'लाही ग्रँड आणि 'असू दे'लाही ग्रँडच. मी आठवडाभर हवेत होते.

तीन वर्षांनी, एका रविवारी दुपारी, सोळा वर्षांची मुलगी अपेंडिक्ससाठी आली. या देशात दर दुसऱ्या दारावर दिसेल असं तिचं आयरिश आडनाव. घरात भुलीचा त्रास कुणाला, विचारलं. तिची आई म्हणाली नाही, आणि तिच्या माहितीप्रमाणे ते खरंच होतं. मी औषध दिलं आणि तिचा जबडा घट्ट मिटला. उघडेना. नाडी धावायला लागली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड वर चढत गेला, आणि माझ्या हाताखाली तिचा गाल तापत होता. काय झालंय ते मला ताबडतोब कळलं. त्यावर उतारा आहे, पण तो पावडरीच्या कुप्यांत असतो, एकेक कुपी पाण्यात विरघळवावी लागते, लवकर विरघळत नाही, आणि एकदोन कुप्यांनी भागत नाही. जो दिसेल त्याला बोलावलं. नर्सा, स्ट्रेचर ढकलणारे, सर्जनसुद्धा कुप्या हलवत उभे, आणि मी देवाला नाही, तुम्हाला हाका मारत होते. दोन दिवस ती अतिदक्षतेत होती. लघवी चहासारखी काळी होत होती, मूत्रपिंडं जातात की राहतात कळेना. ते दोन दिवस मी तिच्याजवळ बसून होते. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडून फोन मागितला आणि माझा जीव भांड्यात पडला.

तो तासभरच भांड्यात राहिला. बाहेर बाकावर चिप्सवाले म्हातारे बसले होते, डोक्यावरची टोपी हातात. ती त्यांच्या त्याच धाकट्या बहिणीची नात होती. आधी बहिणीचं लग्न, मग तिच्या मुलीचं, दोनदा आडनाव बदललं, आणि पोर माझ्या टेबलावर परकी म्हणून आली. मला पाहून ते उठले आणि माझा हात धरून रडायला लागले. म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सगळी नावं विचारलीत आणि मी बहिणीचं नाव घेतलं नाही. इतक्या वर्षांचा राग होता माझ्या पोटात. मी तिला वगळलं आणि पोर मरत होती." मी तोंड उघडलं होतं, अण्णा. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की म्हाताऱ्या माणसाचं होतं असं, त्यात कुणाचा दोष नाही. आणि मी तोंड मिटलं. बहिणीच्या सगळ्या वंशाला त्याच आठवड्यात सावध केलं, मुलींच्या मुलींपर्यंत, एकही सोडला नाही. अहवालात मात्र लिहिलं गेलं, कुटुंबाकडून माहिती अपुरी. खाली सही माझी.

तो चिप्सचा कागद माझ्याकडे आहे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या कपाटाला हॉट प्रेस. त्यात चादरींच्या खाली घडी करून ठेवलाय. जावयांनाही माहीत नाही. त्यावर माझ्या अक्षरात तिचं नाव आहे. म्हणजे त्यांनी ते घेतलं होतं. त्यांनी बहिणीला वगळलं नव्हतं, त्यांना तसं वाटतं इतकंच, आणि गेली तीन वर्षं ते दर रविवारी तिच्या नावाने मेणबत्ती लावतात आणि पापाची कबुली देऊन येतात. हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं. म्हणते, बाबा रात्री झोपत नाहीत, सारखं बहिणीचंच काढतात. मी दुकानात गेले की माझ्याकडून पैसे घेत नाहीत. शेवटी मी तिकडून जायचंच सोडलं, वळसा घालून जाते. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात कळलं की ते कायमचे त्यांच्या खोऱ्यातल्या गावी परत निघालेत. दुकान विकलं. ब्याऐंशी वर्षं झाली, म्हणतात तिकडेच माती होऊ दे. म्हणजे माझ्याकडे आठ दिवस होते. सात दिवस मी काय-काय बोलायचं ते घोकलं. कधी वाटे, सांगितलं की चौकशी लागेल, नोकरी जाईल, पोरीचं शिक्षण अर्धवट राहील. कधी वाटे, हे सगळे बहाणे, मला फक्त त्या माणसाच्या डोळ्यांची भीती आहे. काल शेवटच्या दिवशी कागद पर्समध्ये घातला आणि गेले. भट्ट्या थंड होत्या, भिंतींवरच्या तसबिरी काढलेल्या. ती मुलगीही आली होती, आता एकोणीस वर्षांची, हसरी, नर्सिंगला जातेय. म्हाताऱ्यांनी मला कोपऱ्यात बसवलं. पर्स माझ्या मांडीवर होती आणि हात पर्सवर. ते म्हणाले, जायच्या आधी एकच मागणं आहे. बहीण आता क्षमा करू शकत नाही, पण तो कागद माझ्याबरोबर तुम्ही लिहीत होतात, म्हणून तुम्ही क्षमा केलीत तरी मला पुरेल.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हे मी विचारणार नाही. तुमची रेघ होती म्हणून माझा हात तसा फिरला, असं लिहायला मी आज बसले होते. चार पानं तुमच्यावर ढकलून मोकळी होणार होते. पण त्या बाकासमोर तोंड मिटलं ते मी, आणि काल पर्स उघडली नाही ती मी. त्यात तुमचा काही हात नाही.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, चादरींखालीच जाईल. त्यांचं विमान आज सकाळी गेलं. काल त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "इट्स ग्रँड. मी केव्हाच केली." त्यांचा चेहरा इतका उजळला, अण्णा. मी त्यांना माफ करून आले.