विहिरीचे अकरा मालक

११ मार्च १९९२

"बर्फ संपला." दुगारकाका शाळेच्या दारात उभे राहून एवढंच म्हणाले आणि हातातली टोपी फिरवत राहिले. मोडलेल्या पशुपालक संघाचे ते यंत्रवाले. मुळात कमी बोलणारा माणूस. मी भूगोलाचा तास घेत होते. म्हटलं, बरं झालं, थंडी सरली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मुलंसुद्धा गप्प झाली.

"बाई, जनावरं आता पिणार काय?"

नोव्हेंबरपासून कळप बर्फ चाटून जगले. विहिरीची कुणाला आठवणच नव्हती. मलाही नाही! सत्तर मीटर खोल — इंजिन असलं तर विहीर, नसलं तर जमिनीतलं एक भोक.

आणि इंजिन आम्ही वाटून टाकलं आहे.

१२ मार्च

लिहूनच काढते. झोंबलं तर झोंबू दे.

गेल्या नोव्हेंबरातली, संघ मोडायची सभा. बाहेर पहिला बर्फ पडत होता. मेंढ्या, उंट, गाड्या, खोगिरं — चिठ्ठ्या टाकून सगळं वाटलं गेलं. उरलं इंजिन. दुगारकाका म्हणाले, "हे असंच राहू द्या. हे कुणा एकाचं नाही." मग मी उठले! मी उठले की लोक सरसावून बसतात, हे मला ठाऊक आहे आणि आवडतंही. "सत्तर वर्षं आपण 'सगळ्यांचं, सगळ्यांचं' म्हणत रिकाम्या हातांनी बसलो! आजपासून या तालुक्यात प्रत्येक वस्तूला एक नाव, एक मालक!" टाळ्या. दोन म्हाताऱ्या रडल्या. बंदी होती तेव्हा पोत्याखाली लपवून वाचलेली पुस्तकं, तीन देशांच्या क्रांत्या, मालकीचा हक्क — सगळं एका दमात बोलले.

त्या विहिरीवर जगणारी घरं अकरा. म्हणून इंजिनाचे भाग अकरा. ठराव माझ्याच अक्षरात आहे.

दुगारकाकांनी स्वतः पाना लावून ते खोललं. एकेक भाग तेलाच्या फडक्यानं पुसून ज्याच्या त्याच्या हातात दिला.

कधी कधी वाटतं, मला नीट बोलता येत नसतं तर किती बरं झालं असतं.

१५ मार्च

धाकट्या बहिणीकडे, त्सेवेलमाकडे गेले होते. बकऱ्या विण्याचे ऐन दिवस. हातानं उपसायच्या उथळ आडातून बादली वर येते ती निम्मी चिखलाची. बकऱ्यांचं दूध आटत चाललंय. करडं आईला ढुशा देतात, थांबतात, पुन्हा देतात.

तिनं मिठाचा चहा ठेवला. पाणी किती जपून ओतलं ते मी पाहिलं. माझ्याच्यानं पिववेना.

"पी की ताई. तुझ्या भाषणाला एवढ्या टाळ्या वाजवल्या, चहालाच काय कमी करीन?"

हसत म्हणाली. तिच्यात विष नाही. असतं तर मला भांडता आलं असतं.

१७ मार्च

राजधानीतून एक माणूस आलाय. ओरगिल नाव, चामड्याचा कोट, शाळेतच उतरलाय. सरकारनं माणशी एक वाटलेली निळी कूपनं गोळा करतो. तिकडे मुलांच्या जुन्या सिनेमाघरात शेअर बाजार सुरू झाला म्हणे! कूपन त्याच्या फंडाला द्यायचं, बदल्यात जिल्ह्याच्या लोकर धुण्याच्या कारखान्यात हिस्सा. या सुधारणांबद्दल मी इतकं वाचलंय, बोललेय, की त्याच्याआधी मीच वाक्यं पुरी करत होते.

चोइजिल म्हातारा पुढे बसला होता. अकरांतला एक. त्याच्या जिभेला सुट्टी नसते.

"म्हणजे त्या कारखान्यातलं माझं नेमकं काय? दार? खिडकी?"

लोक हसले. ओरगिलही हसला. "तसं नाही आजोबा. कारखाना जागच्या जागी राहतो. चालू राहतो. तुमचा फक्त हिस्सा."

"तोडायचा नाही?"

"तोडला तर लोकर कोण धुणार?"

चोइजिल हसायचा थांबला. वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "बाई, असंही करता येतं?"

१८ मार्च

मला हे माहीत होतं. शाळेत शिकवत होते.

१९ मार्च

दिवसभर तेच. लांबच्या कारखान्याचा हिस्सा मला कळत होता आणि डोळ्यांपुढच्या विहिरीचा कळला नाही! एक इंजिन, अकरा हिस्से — कागदाच्या एका पानात झालं असतं. मी लोखंड कापलं. का? कारण दुगारकाका "राहू द्या" म्हणाले, आणि ते जुन्या राजवटीचे शब्द वाटले मला. शब्दांवर गेले, माणसाकडे पाहिलं नाही.

मालकीवरचा विश्वास उडालेला नाही. उडाला असता तर सोपं होतं! रडून मोकळी झाले असते.

उद्यापासून घोडा काढते. अकरा दारं.

२२ मार्च

त्सेवेलमानं डिझेलची टाकी घोड्यावर बांधून दिली. तिच्यात पीठ ठेवत होती.

एका घरानं इंजिनाचा पट्टा कापून घोड्यांचे पायबंद केलेत. पाच तुकडे मिळाले. दुगारकाका म्हणतात, शिवू.

चोइजिलनं जड चाक तंबूच्या छताच्या दोराला टांगलंय, वाऱ्यात तंबू उडू नये म्हणून.

"मालक झालो ना मी? मग मालकाच्या दारात सकाळी सकाळी कोण आलं?"

"मागायला आलेय, चोइजिलआजोबा."

"मागा की! भाषण नका करू म्हणजे झालं. मागच्या भाषणात माझं पाणी गेलं, या वेळी तंबू जायचा."

चाक स्वतः सोडून दिलं. त्याच्या जागी धोंडा बांधला. मी निघाले तेव्हा त्याची म्हातारी आतून ओरडली, "बाईंना दही दे रे, घसा कोरडा पडला असेल बोलून!" तिथे मी चार वाक्यंसुद्धा बोलले नव्हते.

२४ मार्च

दहा भाग आले. अकरावा, डिझेल ढकलणारा पंप, गोंबोच्या घरी. गोंबो बाहेरच आला नाही. त्याची बायको दारात उभी राहिली.

"भंगारवाला आला होता, सरहद्दीपलीकडे माल नेणारा. पितळ आहे म्हणाला. दोन पोती पीठ दिलं."

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात म्हणाली, "आमचं होतं ना ते? तुम्हीच म्हणालात."

"हो," म्हटलं, "तुमचंच होतं."

आतून पोरांचा आवाज येत होता. पीठ त्यांनीच खाल्लं. काय चूक केली बाईनं? एका मालकानं जे करायचं तेच केलं.

२६ मार्च

ओरगिलशी बोलले. तसला पंप जिल्ह्याच्या डेपोत आहे. घरटी एक अशी अकरा निळी कूपनं द्या, तो विकत घेऊन पाठवतो, म्हणाला. कारखान्यातला हिस्सा मात्र गेला मग. भाव वाईट आहे. पण करडं शेअर बाजार उघडायची वाट बघत नाहीत.

सगळे जमले. मी उठणार तर चोइजिलनं माझी बाही धरून खाली बसवलं. "आज मी." आणि उभं राहून म्हणाला, "कारखाना मी पाहिलेला नाही. विहीर पाहिली आहे. इंजिन तोडायचं नाही, हिस्से अकरा. माझं कूपन घ्या." खाली बसला. झालं! चार वाक्यं. सगळी कूपनं आली. गोंबोच्या बायकोनं दोन दिली.

दुसरं मी परत केलं, तर घेईना.

कागद मी लिहिला. हिस्से अकरा, इंजिन एक. अक्षर तेच.

३० मार्च

वादळ. पंप आणणारा ट्रक नाही. डेपोत पेट्रोल नाही म्हणतात. कूपनं घेऊन गेलेल्या ओरगिलची चिठ्ठीसुद्धा नाही. लोक मला विचारत नाहीत, म्हणजे त्यांनी उत्तर गृहीत धरलंय. लबाड निघाला तो. चामड्याचा कोट पाहूनच ओळखायला हवं होतं! माझ्या शब्दावर अकरा घरांनी त्याला कूपनं दिली. घालवायचं ते दोनदा घालवलं मी.

शिवलेला पट्टा, पुसलेलं चाक — दहा भाग जोडून ठेवलेल्या इंजिनावर दुगारकाका रोज जाऊन लोकरीचा नमदा घालून येतात. जनावर आजारी असल्यासारखं.

१ एप्रिल

त्सेवेलमाची सात करडं मेली. चामडी वाळत घातलीत. लहान आहेत, हातमोज्यांएवढी.

२ एप्रिल

घरं निघाली. सगळी. पूर्वेच्या खिंडीपलीकडे कुठेतरी झरा वाहतो, असं कुणाच्या तरी मेहुण्यानं सांगितलं म्हणे. तेवढ्यावर! त्सेवेलमानं तंबू उंटावर लादला. करडं झोळ्यांतून, माना बाहेर काढलेली.

मी म्हटलं, दोन दिवस थांब.

"ताई, तू बोललीस की मला अजूनही खरं वाटतं. म्हणून निघते."

तिनं माझ्या गालाचा वास घेतला, लहानपणी आई घ्यायची तसा, आणि गेली. मी शाळेच्या भिंतीला टेकून धूळ दिसेनाशी होईपर्यंत उभी होते.

३ एप्रिल

ओरगिल आला! स्वतः. उसन्या जीपमधून, पंप मांडीवर घेऊन. कोट अंगावर नाही. पेट्रोलसाठी दिला, म्हणाला.

"लोक कुठे आहेत, बाई?"

सांगितलं. पंपावरची धूळ त्यानं बाहीनं पुसली. "उशीर झाला. पण शब्द दिला होता."

त्याच्याबद्दल वर जे लिहिलंय ते खोडत नाही. राहू दे. माझंच अक्षर आहे, मला दिसलेलं बरं.

येताना त्याला लांबून कळप दिसले होते, कुणाचे ते तेव्हा कळलं नव्हतं. खिंड ओलांडलेली नाही. करडांना चालवत नाही म्हणून उताराच्या पलीकडेच थांबलेत. तो दुगारकाकांबरोबर लगेच विहिरीवर गेला. पाने-पकड हातात द्यायला.

४ एप्रिल

सकाळी इंजिन सुरू झालं. दुसऱ्या झटक्याला! आधी गंजकं पाणी, मग स्वच्छ. हौद भरला, काठावरून वाहू लागला. प्यायला कोणी नाही. मी म्हटलं, "बंद करा काका, डिझेल संपेल."

"राहू द्या, बाई. आवाज लांब जातो."

दोन तासांनी पूर्वेच्या उतारावर बकऱ्या दिसल्या. धावत येताहेत. मागे माणसं अजून दिसत नाहीत.