आवाजी मतदान

ईस्ट कॉर्बिन, व्हरमाँट
गुरुवार, २६ मार्च

प्रिय हॉलिस,

दोन मैलांवर राहणाऱ्या भावाला टपालानं पत्र पाठवणारी बाई एक तर वेडी असते, नाहीतर भित्री. मी भित्री आहे असं धरून चाल. समोर बसून सांगायला आले तर तू कॉफी ओतशील, मग तुझ्या कुत्र्याच्या पायाची चौकशी होईल, आणि तासाभरानं मी काही न बोलता गाडीत येऊन बसेन. या तीन आठवड्यांत दोनदा असं झालंय. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच आणि तोवर फोनला हात लावू नकोस.

गेल्या शुक्रवारी तू दारात उभा राहून ओरडलास, "सूट मिळाली, थिया! वर्षभर पत्र्यावरचा आयातकर माफ!" आणि अडुसष्ट वर्षांच्या बहिणीला तू चक्क उचललंस. मला खरंच आनंद झाला होता, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला ते खोटं वाटेल. सीमेपलीकडून येणारा स्टेनलेसचा पत्रा महागला तेव्हापासून तुझी झोप उडाली होती. मेपलचा रस आटवायच्या तुझ्या काहिली साऱ्या परगण्यात जातात, पण त्या भावात कोण घेणार? तुझ्या हाताखालच्या अकरा माणसांना तू काय सांगणार? ती अकरा घरं मला नावानिशी माहीत आहेत. अर्ध्या घरांतली मुलं मी शाळेत शिकवली आहेत. पण निघताना तू दारात थांबलास, आवाज खाली आणलास आणि म्हणालास, "तुझे उपकार मी विसरणार नाही." मी हसले. तू गेल्यावर मात्र खुर्चीत बसून राहिले. तुलाही ऐकू आलं होतं हे मला तेव्हा कळलं.

गावसभेच्या आधीच्या रविवारी तू माझ्या स्वयंपाकघरात बसला होतास. मेपलचा पाक विकणाऱ्या ओडील मार्शेसोनं ठराव आणलाय हे तोवर सगळ्या गावाला कळलं होतं. कर बसवायचा हक्क आपण निवडून दिलेल्या प्रतिनिधींचा आहे, तो त्यांनी राष्ट्राध्यक्षांकडून परत घ्यावा, एवढंच त्यात होतं. आपल्या प्रतिनिधीनं तिला शब्द दिला होता की गावाचा ठराव हातात आला तर तो सभागृहात वाचून दाखवेन. तू म्हणालास, "वॉशिंग्टनमधला माझा माणूस सांगतो, अर्ज अगदी शेवटच्या टेबलावर आहे. गावाचं नाव अशा वेळी पेपरात आलं तर संपलंच. विषय गावाच्या अखत्यारीत येत नाही म्हण आणि हातोडा आपट." मी तुला काय झाडलं ते तू विसरला नसशील. बावीस वर्षं या सभेची अध्यक्ष आहे, कुणाचं तोंड बंद करायला नाही, म्हणाले. तू टोपी उचललीस आणि निघून गेलास. पुन्हा शब्द काढला नाहीस. त्याबद्दल मी तुला दोष देत नाही, आणि पुढेही देणार नाही.

त्या मंगळवारी, तीन तारखेला, सभेला शाळेच्या व्यायामशाळेत एवढी गर्दी होती की मागच्या लोकांना बाकांवर दाटीवाटीनं बसावं लागलं. सकाळभर आपण नेहमीसारखं गावचे रस्ते सांभाळणाऱ्या बर्ट्रमला सोललं. बर्फ काढायच्या गाडीला नवा फाळ हवा म्हणाला बिचारा, तर जुना का झिजला, कुणी झिजवला, दोन वर्षं आणखी का चालणार नाही, तासभर चाललं. मग वाफाळता घेवडा, हॅम आणि सतरा प्रकारची गोड पक्वान्नं खाऊन सगळे सुस्तावले, आणि ओडील उठली. ती म्हणाली, "एका फाळासाठी आपण बर्ट्रमची तासभर चामडी लोळवतो. आणि माझ्या पाकाच्या डब्यांवर कर बसला, उतरला, पुन्हा बसला, तेव्हा मला कुणी विचारलं? तुम्हाला कुणी विचारलं?" लोक हसले, पण ते हसणं बर्ट्रमला नव्हतं.

डेल्बर्ट स्पूनर उठणार हे ठरलेलंच होतं. नदीकाठचा कारखाना बंद पडला त्या दिवसापासून तो या विषयावर उठायची वाटच पाहत होता. "तुमचे ते प्रतिनिधी तीस वर्षं काय करत होते?" तो गरजला. "समित्या! बाहेरून स्वस्त माल येत राहिला, आम्ही दोनशे जण घरी बसलो, आणि हे चहा पीत समित्या भरवत होते. आता एक माणूस हातपाय हलवतोय तर तुमच्या पोटात दुखतं." ओडील म्हणाली, "हलवू दे की. पण माझ्या खिशात कशाला हलवतोय?" हशा पिकला. डेल्बर्ट अग्निशमन दलातला, त्याला आगीशिवाय दुसरं उदाहरण सुचत नाही. "आग लागली की गावसभा बोलावता का? बंब काढता! नंतर विचारता." त्यावर ओडील जे बोलली ते मी इतिवृत्तात शब्दशः घालायला लावलं. "आग विझली की बंब ठाण्यात परत जातो, डेल्बर्ट. हा तर वर्षभर माझ्या अंगणात उभा आहे, आणि परत कधी न्यायचा हेही बंबवालाच ठरवणार म्हणतो." डेल्बर्ट म्हणाला, "पण उद्या दुसरी आग लागली तर?" तोही काही मूर्ख नाही, हॉलिस. त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही पूर्ण नाही.

तू बोलला नाहीस. मागच्या भिंतीपाशी उभा होतास, आणि तुझ्या दोन्ही बाजूंना तुझी माणसं, कामाच्या कपड्यांत, हाताची घडी घालून. तू माझ्याकडे पाहतही नव्हतास. बुटांकडे पाहत होतास. बाबांनी आपली गाय विकली त्या दिवशी सात वर्षांचा तू असाच उभा होतास.

मी आवाजी मत द्यायला सांगितलं. "होय" म्हणणाऱ्यांचा आवाज छताला लागला. मग "नाही"चा आला. मोठा होता, पण तेवढा नव्हता. बावीस वर्षं मी फक्त हेच काम केलंय रे. कुठला आवाज मोठा हे मला झोपेतही कळतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाहीचा कौल. ठराव फेटाळला." हातोडा आपटला.

त्यानंतर मी थांबले. तुला ठाऊक आहे, सात जण उभे राहून "मोजा" म्हणाले की डोकी मोजावीच लागतात, अध्यक्षाला त्यात काही बोलता येत नाही. मी वाट पाहिली. देवाशपथ सांगते, कुणीतरी उठावं असं मला वाटत होतं. मागे कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "असं वाटलं नव्हतं." आणि दुसऱ्यानं उत्तर दिलं, "अल्थियानं ऐकलंय ना? मग झालं." एकही उठला नाही. ओडीलनं कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मी पुढचा विषय पुकारला, दफनभूमीच्या कुंपणाचा.

सभा संपल्यावर भांडी धुताना डेल्बर्ट शेजारी आला. जिंकलेला माणूस, पण चेहरा पडलेला. फडक्यानं ताट पुसत म्हणाला, "माझे कान चाळीस वर्षं यंत्रांत गेले, थिया. म्हणून मी काही बोललो नाही. तुझे कशात गेले?" मी सांगितलं, मोठा गोंधळ होता. तो हो म्हणाला, ताट फळीवर ठेवलं आणि गेला. पुढच्या रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारची त्याची नेहमीची जागा सोडून तो दुसरीकडे बसला.

तरीही मी गप्प राहिले. स्वतःला सांगत होते की ठराव म्हणजे काय, एक कागद, त्यानं वॉशिंग्टन थोडंच हलणार होतं? आणि अकरा घरं तर खरी होती. मग काल मी पाक आणायला ओडीलकडे गेले. तिच्या शेडमध्ये डबे नव्हते. यंदा पाक पिंपांतून मोठ्या व्यापाऱ्याला देतेय, स्वतःचं नाव घालून विकणं बंद. सूट मागितली नाहीस का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "कुणाला मागू? माझा काही वॉशिंग्टनमध्ये माणूस नाही." मी म्हणाले, प्रतिनिधीला तू स्वतः पत्र लिही, ठराव नसला तरी. तिनं मान हलवली. "नाही गं. गावानं नाही म्हटलं. मला वाटत होतं सगळे माझ्या बाजूनं आहेत, पण माणसाला स्वतःचाच आवाज मोठा ऐकू येतो. तू उगीच चुकीचं सांगणार नाहीस." आणि तिनं पाकाचे पैसे घेतले नाहीत. हॉलिस, मी गाडीत येऊन बसले आणि मला किल्ली लावता येईना. लाज वाटली.

तुझा मला राग येतोय, तोही लिहून टाकते. तू सूट मागितलीस यासाठी नाही. अकरा माणसं पोसणारा कुणीही मागेल. राग येतो तो असा की या वर्षभरात तू करावर एक शब्द बोलला नाहीस, पूर्वी गावसभेत पुलाच्या कठड्यावरून भांडणारा तू. ज्याच्या एका सहीनं कर बसतो आणि दुसऱ्या सहीनं माफ होतो, त्याच्या दारात उभं राहिलं की माणूस असाच बोलेनासा होतो. ओडीलचे डबे गेले आणि तुझा पत्रा राहिला, यात तिची चूक काय आणि तुझं कर्तृत्व काय, सांग मला. पण तुझ्यावर ओरडायला मी कोण? मीही तेच केलं. माझ्या हाती एक शब्द होता, तो मी माझ्या माणसाला दिला. मला थांबवायला नियम होता, सात माणसांचा, चांगला जुना नियम. तो वापरायला कुणी उठलं नाही, कारण मी भली बाई आहे अशी सगळ्यांची खात्री होती. राष्ट्राध्यक्षांबद्दल मी आता कुठल्या तोंडानं बोलू?

तर आता असं आहे. गावसभेचा निर्णय पुन्हा मतास टाकायचा असेल तर तीस दिवसांत पंचेचाळीस सह्या लागतात. पुढच्या गुरुवारी मुदत संपते. परवा शनिवारी सकाळी आठ वाजता, कचरा टाकायला सगळं गाव जिथे येतं तिथे, मी घडीचं टेबल मांडून बसणार आहे. अर्ज तयार आहे. वरच पहिल्या दोन ओळींत लिहिलंय की ठराव मंजूर झाला होता आणि अध्यक्षानं जाणूनबुजून खोटा कौल दिला. अध्यक्षपदाचा राजीनामा आज दुपारी गाव-कारकुनाकडे दिला. का केलं, असं प्रत्येक जण विचारेल, त्याला मी सांगेन की माझ्या मनानं केलं, आणि ते खरंच आहे. तुझं नाव अर्जात नाही, माझ्या तोंडूनही येणार नाही. पण लोक खुळे नाहीत, ते तुझ्याकडे बघतील. पेपरवालाही येईल. तुझी सूट त्यामुळे राहील की जाईल, मला ठाऊक नाही. गेली तर माझ्यामुळे गेली, असंच तुझ्या माणसांना सांग.

हे सगळं तुला टेबलावरच्या कागदावरूनही कळलं असतं. पत्र लिहिलं ते एका वेगळ्या गोष्टीसाठी. बावीस वर्षं माझं मत गावात कुणाला माहीत नाही, तुलाही नाही. अध्यक्षानं मत सांगायचं नसतं, आणि मला ते बरंच होतं. पुढच्या सभेत हातोडा दुसऱ्या कुणाच्या हातात असेल आणि मी खाली खुर्चीत बसलेली असेन. या वेळी आवाजावर कोणी विसंबणार नाही, माणसं उभी करून मोजतील. "होय" म्हणणाऱ्यांना उभं राहायला सांगतील, हॉलिस, तेव्हा तुझ्या आणि तुझ्या अकरा जणांच्या देखत मी उभी राहणार आहे. ते तुला तिथे सगळ्यांसमोर पहिल्यांदा दिसू नये, म्हणून आज सांगितलं.

कशीही असले तरी तुझीच,
अल्थिया