खांबावरून उतरल्यावर

चिखलदरा

माय, तुले प्रणालीचा वाकून नमस्कार.

मी मजेत हाय, जेवण चांगलं भेटते. बाबाचा खोकला थांबला काय?

काल ड्युटीवर विजेच्या खांबावर पयल्यांदा एकटी चढले. लाईन बंद हाय हे दोनदा तपासलं, तरी तारेले हात लावाची हिंमत होईना. डोळे मिटाची सोय नव्हती, म्हणून उघड्या डोळ्यानंच अंबामायचं नाव घेत तार जोडली.

खाली उतरून लाईन सुरू केली, तं समोरच्या घरात एका म्हातारीनं पेटलेल्या बल्बले हात जोडले, तू सांजवातीले जोडते तसे. माह्या हातानं देवीचाच दिवा लागला, असं वाटलं.

उद्या पुन्हा चढाचं हाय. भेव वाटूनच राहिलं, पण चढीन.

बाबाले खांबाचं सांगू नको. देवीले सांगजो.

तुझी लेक,
प्रणाली