मांदेलीची पुडी

५ मे

आठवडी बाजारातून सुकी मांदेली आणली. सहावी पुडी. दिग्रसला सुकट खपते, बोंबील खपतो. ही बोटभर सोनेरी मासळी फक्त आमच्यासाठी येते. बायको अलिबागची, म्हणून मासळीवाली आयशाबी तिच्यासाठी पाव किलो बाजूला ठेवते.

"भाबी बरी हाय ना, भाऊ? बाजाराले दिसत नाही!"

"गुडघे दुखून राह्यले तिचे," म्हणालो.

तिला जाऊन दीड महिना झाला.

६ मे

चाळीस वर्षं पेपरात काढली. चुकलं की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची, ही सवय. तिच्या निधनाची बातमीसुद्धा मीच लिहिली — वेळेत, फोटोसकट, एकसष्ट शब्दांत. आयशाबीला दोन शब्द सांगता येत नाहीत! तिला पेपर वाचता येत नाही. त्या एका दुकानापुढे ही अजून जिवंत आहे. दुसरी जागा उरली नाही.

८ मे

खालचे नागोराव नाक धरून वर आले. "कायले हे पिल्लं जमा करून राह्यले, भाऊ? आमच्या अरुणावतीत एवढुसा मासा लागला तर आम्ही सोडून देतो!"

मांदेली एवढीच होते, असं बायको त्यांना दर वेळी तावातावानं सांगायची. आज मी सांगितलं. ते हसले नाहीत.

"वहिनी भांडल्या असत्या," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

९ मे

एक पुडी सोडली. डोकी काढायची, एवढं आठवतं. आधी धुवायची की आधी भाजायची? तीस वर्षं ताटात आयती आली. पुन्हा बांधून ठेवली.

११ मे

उद्या सांगायचं. ठरलं.

१२ मे

गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो. मग म्हणालो, "आयशाबी, एक सांगाचं होतं —"

तिनं बसायच्या पोत्याखालून पेपरचं एक पान काढलं. घडी केलेलं. आमचंच, मार्चमधलं. वर हिचा फोटो.

"मागच्या महिन्यात रद्दीत आलं, भाऊ. भाबीचा चेहरा पाह्यला. याच्यात मासोळी कशी बांधू?"

"मंग दर बाजारी काहून विचारत होत्या?"

"कधीतरी सांगसान म्हणून."

पुडी बांधून तयार होती.