बाबांच्या तळहातावर

दादा,

बाबांची वाचा तुझ्यासमोरच गेली होती. आता ऐकूही येत नाही आणि नजरही अधू झाली आहे. डॉक्टर म्हणाले, बोटं थरथरतात ती आजाराने. पण मी तारमास्तराची लेक. पलंगाच्या लोखंडी दांडीवर कट्ट-कडकट्ट ऐकलं आणि कळलं, ते बोलत होते.

तारेची मोर्स लिपी त्यांना इंग्रजीतूनच येते. म्हणून मीही इंग्रजी शब्दांची टिंबं आणि रेघा करून त्यांच्या तळहातावर वाजवायला शिकले. 'टी', 'पेन', 'विंडो'. चुकलं की बोटावर टिचकी मारतात. या अवस्थेतही मास्तरकी सुटलेली नाही.

अपघातात तू गेलास, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "कशाला सांगतेस? राहिलेले दिवस सुखाने जाऊ देत." मलाही पटलं. पण काल सकाळी त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं, 'सन?' मी 'बिझी' वाजवलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग माझा हात खोटं बोलायला धजेना. 'डेड' हा शब्द मी एकेक अक्षर करून, सावकाश त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांचे डोळे वाहत होते. वाटलं, काकूंचं ऐकायला हवं होतं. मग त्यांनी माझा हात चाचपून उताणा केला आणि त्यावर विचारलं, 'यू क्राय अलोन?'

मी 'येस' वाजवलं. त्यांनी मला जवळ ओढलं. दादा, तू गेल्यापासून काल पहिल्यांदा मी कुणाच्या तरी खांद्यावर रडले.

तुझी,
छोटी