बाटली रिकामी परत देऊ नये

पारनेर,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी, शके १८९३

मावशीच्या घरचा दिवा चि. शामकांत यास माधवदादाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र हाती पडेल तेव्हा तू जेवून, वामकुक्षी आटोपून, पान जुळवीत बसला असशील असे धरून चालतो. तुझा गुडघा काय म्हणतो? सौ. दमयंतीचा खोकला गेला का? आम्ही इकडे क्षेम आहोत. (क्षेम या शब्दाचा खुलासा पुढे येईल.)

आमची नात इंदू नगरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली हे तुला कळलेच असेल. आता पुण्याला पुढे शिकायचे म्हणते. तिच्या वडिलांनी 'नाना सांगतील ते' म्हणून हात झटकले आणि माझ्यापुढे दोन अर्ज येऊन पडले. एक विद्यापीठातल्या वृत्तपत्रविद्येचा, दुसरा रक्त-लघवी तपासायला शिकवतात त्याचा. मुदत या आठवड्याअखेर. माझा कौल अर्थात पहिल्याला. जन्मभर पोरांना कविता शिकवल्या (शिकवताना माझे डोळे भरून येत, मागच्या बाकावरच्यांचे मिटून येत), तेव्हा घरातले एक तरी नाव छापून यावे ही आस. इंदूचा हट्ट मात्र दुसऱ्याला. परीक्षा म्हणून मी तिला वादळात पडलेल्या स्टँडवरच्या पिंपळाची बातमी लिहायला सांगितली. तिने लिहिले, 'पिंपळ पडला. कोणाला लागले नाही. दुपारी रस्ता मोकळा झाला.' मी विचारले, अगं, पाखरांचे काय? म्हणाली, "आजोबा, पाखरं उडाली."

सुट्टीभर ती इथल्या डॉक्टरांकडे मदतीला जाते. गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची साखर तपासावी असे त्यांच्या मनात आले. इंदूने औषधाच्या बाटल्या धुऊन वाळवल्या, माझ्या हाती दिल्या आणि काय आणायचे ते सगळ्यांना स्वच्छ सांगा म्हणाली. आता तो शब्द मी चारचौघांत कधी उच्चारलेला नाही. (वर्गात पोरे करंगळी वर करीत, मी मान हलवीत, सगळी नोकरी तेवढ्यावर निभावली.) म्हणून ओट्यावर उभा राहून मी निर्झरापासून सुरुवात केली. देह हा डोंगर, रात्रभर जे साठते ते पहाटे वाहते, वाहते ते आपले उरत नाही, त्यातले ओंजळभर आमच्या इंदूसाठी द्यावे, असे पुष्कळ बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. गोजरबाईंनी तर डोळ्याला पदर लावला. बाटल्या वाटून झाल्या आणि त्या रात्री मला फार गाढ झोप लागली.

सकाळी बाटल्या परत आल्या. आपल्याकडे कुणाचे भांडे रिकामे परत देत नाहीत, हे तू पुण्यात राहून विसरला नसशील. गोजरबाईंच्या बाटलीत शेंगदाण्याचे तेल, छगनच्या बाटलीत मध, साळूबाईच्या बाटलीत कढवलेले तूप आणि वर तुळशीचे पान. आप्पासाहेबांनी रॉकेल धाडले. मास्तरांकडे टंचाई असावी असा त्यांचा समज. इंदूने बाटल्या ओळीने मांडल्या, माझ्याकडे एकदा पाहिले आणि ओट्यावर जाऊन म्हणाली, "सकाळची पहिली लघवी पाहिजे. साखर आहे का बघायचीय. उद्या आणा."

गोजरबाई म्हणाल्या, "आगं बया, मूत पायजे हुतं व्हय? मग काल मास्तर आमाला कशापायी रडवीत हुते?"

"मला वाटलं पोर सासरी निगाली," छगन म्हणाला. "म्हनून तर मध आनला. ऱ्हाऊ द्या आता तुमालाच."

खरे सांगतो, मी खजील झालो नाही, उलट हरखलो. एवढे नेमके सांगणारी पोर वर्तमानपत्रात चमकेल, असे म्हणायला आत गेलो, तर तिने माझ्याच हाती एक बाटली ठेवली. मी करंगळी वर केली. तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने निळ्याशार औषधात एकेकाचे थेंब घालून नळ्या दिव्यावर उकळल्या. सगळ्यांचे औषध निळेच राहिले. माझे मात्र हिरवे झाले, मग पिवळे, मग भाजल्या विटेसारखे तांबडे. मी म्हणालो, इंदू, बघ, कार्तिकातली संध्याकाळ उतरली नळीत! वळून पाहिले तर ती नळीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"आजोबा, साखर आहे," ती म्हणाली. "वेळेवर कळलंय. पथ्यानं आटोक्यात राहील."

थेट पिंपळाची बातमी. पण या खेपेला तिचा आवाज पाखरांसाठी थोडा थांबला होता, तो मी ऐकला. (क्षेमचा खुलासा तो हा.) संध्याकाळी तपासणीच्या अर्जावर मीच पत्ता घातला आणि पोस्टात टाकून आलो. शिकून ती इकडेच परतणार म्हणते. पारनेरला एक लहानशी खोली, खिडकीत काचेच्या नळ्या उन्हात उभ्या, दारावर पाटी. नाव छापून नाही तरी रंगवून येईल.

मी गोड पूर्ण सोडले आहे. छगनचा मधही परत केला (सोबत मूठभर शेंगदाणे देऊन).

तुझा,
माधवदादा

ता. क. खरी विनंती संकोचाने वर राहून गेली. इंदूला शिक्षण होईतो तुझ्याकडे ठेवून घेशील ना? ती जेवते कमी, बोलते त्याहून कमी.

ता. क. दुसरा. तिच्याबरोबर पितळी डबा धाडतो, आत भाजक्या शेंगा. दिवाळीला ती येईल तेव्हा डबा परत येईलच. भांड्याची रीत वर लिहिलीच आहे. दमयंतीच्या हातचे बेसनाचे लाडू मला अजून आठवतात, एवढेच सांगून थांबतो.

शामकांतआजोबा, सा. नमस्कार. पत्र टाकायला मी नेते आहे, म्हणून वाचले. डबा रिकामा पाठवावा.
इंदू