सोन्याचा बाट

शिरूर,
सोमवार

प्रिय गौतमी,

पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, माझी तब्येत ठणठणीत आहे. बीपीसुद्धा. आपण रोज फोनवर बोलतो, तरी बँकॉकचं मी तुला काय सांगितलं? विहार, झोपलेली बुद्धमूर्ती आणि गोडसर भाज्या. सांगायचं होतं ते सोन्याच्या बाजाराचं. पण मी सुरुवात केली की तुझा ऑफिसचा कॉल येतो आणि माझी गाडी परत विहारापाशी जाऊन थांबते. म्हणून आज चहा घेऊन निवांत लिहायला बसले आहे.

तू आणि आयुषनं मला निवृत्तीची भेट म्हणून या सहलीला पाठवलंत. गटात सगळी जोडपी, एकट्या बायका दोघीच, म्हणून मला आणि पाटसच्या मुक्ताबाईंना एक खोली मिळाली. घरची उसाची मोठी बागायत. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. पाटल्या, गोठ, बोरमाळ, मोहनमाळ, सगळं अंगावर घालूनच त्या विमानतळावर आल्या होत्या. तपासणीच्या दारातून गेल्या की ते यंत्र कोकलायचं, आणि त्या त्यालाच दटावायच्या, 'गप की रं, माझंच हाय समदं.' पहिल्या रात्री त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. 'हां,' म्हणाल्या आणि दिवा मालवून कुशीवर वळल्या. मी आरोग्यसेविका म्हणून तालुक्यातल्या किती घरांच्या उंबऱ्यांवर तो 'हां' ऐकला आहे, तुला ठाऊक आहे. मनात म्हटलं, चार रात्री काढायच्या आहेत, निघतील.

तिसऱ्या दिवशी गाइडनं आम्हाला चिनी वस्तीतल्या सोनारांच्या रस्त्यावर सोडलं. कस्टमच्या नियमात बसेल एवढंच घ्या, असं आधीच बजावलं होतं. गौतमी, तो रस्ता तू बघायला हवा होतास. दुकानं आतून लालभडक, आणि भिंतींवर साखळ्या अशा ओळीनं लटकवलेल्या, जशा आपल्याकडे लसणाच्या माळा टांगतात. आपल्या सराफाकडे कसं, गादीवर बसा, चहा घ्या, ओळख काढा. तिथं बायका भाजी घ्यायला आल्यासारख्या उभ्याउभ्या सोनं घेऊन जातात. भाजीच्या पिशवीतच टाकतात. रंगही वेगळा, आपल्यापेक्षा गडद पिवळा, हळदीच्या अंगानं जाणारा. मी काचेला नाक लावून बघत होते, एखाद्या पोरीसारखी.

सगळ्यात गंमत त्यांच्या वजनाची. तिथल्या पैशाचं नाव बाट, आणि सोन्याच्या वजनाचं नावही बाट. एक बाट म्हणजे आपला साधारण दीड तोळा. गाइड ते समजावत होता तर मुक्ताबाई मोठ्यांदा बोलून गेल्या, 'आँ? म्हंजी हितं सोनंबी बाटलं म्हनायचं की!' बोलल्या आणि एकदम थांबल्या. माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला, जसं पदरावर काही सांडलं. मला काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. आवरेचना. मग त्याही हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गाइडला काही कळेना. पहिल्या रात्रीपासून खोलीत जे अवघडून बसलं होतं, ते त्या हसण्यात निघून गेलं.

पुढे चांदीचं दुकान लागलं. डोंगरातल्या लोकांनी हातानं घडवलेली चांदी, कशावर मासे, कशावर पानं, कशावर नुसत्या ठोक्यांच्या खुणा. मुक्ताबाई नातीला, वैष्णवीला, पैंजण बघत होत्या. मला म्हणाल्या, 'तुमी पायात कायबी घालत न्हाई? येक वाळासुदिक न्हाई?' तेव्हा मी त्यांना आपल्या घरातली गोष्ट सांगितली. तुला ती तुटक माहीत आहे, आज पूर्ण सांगते. माझ्या पणजीच्या काळी आपल्या बायकांनी घालायचं ते ठरलेलं असायचं. गळ्यात गळसऱ्यांचा भार, हातात कोपरापर्यंत कथलाच्या नाहीतर चांदीच्या पाटल्या. लांबून बघूनच कळावं की बाई कोणाची. बाबासाहेबांनी बायकांना ते टाकायला सांगितलं, घालायचं तर सोन्याचं घाला, नाहीतर काही घालू नका म्हणाले. ते तिच्या कानावर आलं आणि तिनं एका दिवसात सगळं उतरवलं. सोनं काही आलं नाही, पण उतरवलेलं पुन्हा चढलं नाही. आजीचा गळा मोकळा, आईचा मोकळा. आणि ताठ. लग्नात तुझ्या पप्पांनी मला मंगळसूत्र केलं होतं. ते गेल्यावर दौंडचं रेल्वे क्वार्टर सोडून आपण शिरूरला आलो, तेव्हापासून माझाही गळा मोकळाच. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तो विषयच डोक्यात आला नाही.

मुक्ताबाई स्वतःच्या पाटल्या फिरवत म्हणाल्या, 'आमच्यात उलटं हाय बघा. आमाला उतरवू देत न्हाईत. लग्नाला निघाले की ल्योक बघतो, समदं घातलं का आईनं. घराचा बडेजाव माझ्या अंगावर. ह्यातलं येकबी मी पसंत केल्यालं न्हाई. सासूनं घातलं, मालकानं घातलं, आता पोरं घालत्यात.' एवढं बोलून त्यांनी काउंटरवरची माशाची एक साधी चांदीची अंगठी उचलली, बोटात घातली, हात लांब धरून बघितला. तीच घेतली. एवढं सोनं अंगावर असलेली बाई त्या अंगठीकडे दिवसभर बघत होती.

मी तुझ्यासाठी त्याच दुकानात पानांचे झुमके घेतले. तू फर्ग्युसन रस्त्यावरचे काळपट झुमके घालतेसच, तेव्हा पणजीचा नियम तू कधीच मोडला आहेस. हे निदान खऱ्या चांदीचे आहेत.

मग पुन्हा सोन्याच्या दुकानात गेलो. मला तुझ्यासाठीच एक साखळी बघायची होती. काउंटरवरची मुलगी तुझ्या वयाची. तिला आपली भाषा येत नव्हती, मला तिची. ती फोनमध्ये काहीतरी बोलली आणि फोन हिंदीत बोलला, 'ये किसके लिए है?' मी म्हटलं, बेटी के लिए. तिनं पुन्हा फोन तोंडाशी धरला. 'आपको कौन सा पसंद है?' मी म्हटलं, बेटी को जो अच्छा लगे. ती हसली, मान हलवली, आणि माझ्याकडे बोट करून पुन्हा तेच विचारलं. आपको.

गौतमी, कुठली लस बाळाला कितव्या महिन्यात टोचायची हे विचार, मी झोपेत सांगेन. तुला काय आवडतं, पप्पांना काय आवडायचं, सगळं पाठ आहे. पण त्या भिंतीवरच्या शेकडो साखळ्यांतली मला कुठली आवडते, हे मला खरंच माहीत नव्हतं. वाईट नाही वाटलं गं. उलट कुतूहल वाटलं, एखाद्या अनोळखी बाईबद्दल वाटावं तसं. म्हटलं, बघू तर खरं, हिला काय आवडतंय. मग मी एकेक साखळी मागायला लागले. गोफाची नको. मण्यांची नको. जाड तर नकोच. मुलगी कंटाळली नाही. शेवटी एक बारीक आली, तांदळाच्या कण्या ओवल्यासारखी. ती हातात घेतली आणि माझं मलाच कळलं, ही.

गळ्यात घालायला गेले तर हात मानेपाशी अडले. आकडा लागेना, का मलाच लावता येईना, कोण जाणे. मुक्ताबाईंनी मागून माझे केस बाजूला केले आणि आकडा अडकवला. 'काळं मणी न्हाईत त्येच्यात, कुनाला इचारायचं न्हाई,' म्हणाल्या, 'घाल सुरेखा.' पहिल्यांदा नावानं हाक मारली. खोलीवर गेल्यावर त्यांनी डब्यातले शेंगदाण्याचे लाडू काढले, अर्धा मोडून मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.

साखळी मी काढलेली नाही. शेजारच्या काकू विचारतात, गौतमीसाठी आणलीत वाटतं, चांगली आहे. मी म्हणते, नाही, माझी आहे. मग त्या सोन्याचा भाव विचारतात. मुक्ताबाईंनी गेल्या रविवारी पाटसला जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या सुनेनं माझं ताट पडवीत मांडलं. मुक्ताबाईंनी आपलं ताट उचललं आणि पडवीत माझ्या शेजारी येऊन बसल्या. सून बघत राहिली. पुढच्या वेळी कुठं मांडते, ते मला बघायचं आहे. पुढच्या वर्षी आम्ही दोघी श्रीलंकेला जाणार आहोत, आणि त्याआधी मी मोपेड शिकते आहे. आयुष्यभर एसटीनं नाहीतर कुणाच्यातरी मागं बसून गावं हिंडले. कालच मार्केट यार्डाच्या मैदानात पडले. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे पत्र. खराडीच्या फ्लॅटमध्ये तुम्ही माझ्यासाठी खोली केली आहे. शिरूरच्या घराला भाडेकरू बघू का, असं तू तीनदा विचारलंस आणि मी तीनदा 'बघू' म्हणाले. तू तो होकार धरलास, आणि तुझा आवाज कानात असताना मला नाही म्हणता येत नाही. कागदावर येतं. मी येत नाही, बाळा. तुझ्यावर राग नाही, आयुषसारखा जावई शोधून सापडणार नाही. आजारी पडले तर हक्कानं येईन, सणाला येईन, तुला गरज लागली तर रात्रीत येईन. पण राहायला नाही, अजून नाही. काल तू पडद्यांचे फोटो पाठवून विचारलंस ना, आई, तुला कुठला रंग आवडतो? ते पडदे तुझ्या आवडीचे लाव. माझी आवड काय आहे, ते मी आत्ता कुठं शोधायला लागले आहे. कळेल तसतसं तुला सांगत जाईन.

तुझीच, शिरूरचीच,
आई